मऊ गादी, तरी सुजलेला खांदा: जुवाखालच्या ऊतींचं एक प्रकरण

उसाच्या टायरगाडीला जुंपलेली लाल कंधारी जोडी. बैल प्रत्येकी 450 किलोच्या आसपास, गाडीत दोन टन ऊस. दिवाळीनंतर हंगाम सुरू होऊन महिना होतो न होतो तोच डाव्या बैलाचा खांदा सुजला. मालकानं हयगय केलेली नव्हती. बाभळीच्या जुवाखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबची चार पदरी घडी होती, वर गोणपाट, आणि सगळं सुतळीनं आवळून बांधलेलं. सूज दिसली तसे त्यानं ट्यूबचे आणखी दोन पदर चढवले. उपयोग झाला नाही. वशिंडाच्या पुढच्या अंगाला केस गेले, कातडी चकाकायला लागली आणि हाताला गरम लागू लागली.

यंत्रशाखेत मऊ पदार्थ आणि संगणकीय जैवयांत्रिकी हे विषय संशोधनाला घेणाऱ्या प्राध्यापकाकडे असा प्रश्न येतो तेव्हा तो दोन भागांत येतो. गादी मऊ असूनही खांदा का सुजला? आणि जू एकच, गादी दोन्हीकडे सारखी, मग डाव्याचाच का? दुसरा प्रश्न साधा वाटतो म्हणून मागं पडतो. इथंही तो मागंच पडला.

या प्रकरणातले वजनाचे आणि मापाचे आकडे एका नमुना जोडीसाठी, हिशेब उघडा दिसावा म्हणून धरलेले आहेत. गाडी बदलली की आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी तराजू, मग संगणक

या क्षेत्रात नव्यानं येणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी स्कॅन करून जाळी पाडायला, म्हणजे संगणकासाठी आकाराचे छोटे छोटे घटक करायला बसतो. खांद्यावर नेमका किती भार येतो हे माहीत नसताना पाडलेली जाळी म्हणजे नुसतं रंगीत चित्र. त्यामुळे सुरुवात गाडीपासून.

दोन चाकांची गाडी म्हणजे आखावर तोललेला तराजू. उसाचा गुरुत्वमध्य आखाच्या 15 सेंटिमीटर पुढं आणि आखापासून जुवापर्यंतचं अंतर 3 मीटर असेल, तर जुवावर उभा भार 2000 × 0.15 ÷ 3 म्हणजे 100 किलो. प्रत्येक बैलाच्या वाट्याला 50 किलो, 490 न्यूटन. गाडीचं स्वतःचं वजन आखावरच तोललेलं आहे असं इथं धरलं आहे.

हे 15 सेंटिमीटर डोळ्यांनी कळत नाहीत. भरलेली गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, बैल सोडायचे आणि दांडीचं टोक जुवाच्याच उंचीवर ठेवलेल्या घोडीवर टेकवायचं. घोडीखाली 200 किलोचा काटा. आकडा येईल त्याला 3 नं गुणायचं आणि 2000 नं भागायचं, झालं अंतर मीटरमध्ये. दांडीची उंची बदलली तर आकडा खोटा येतो, कारण उसाची रास उंच असते आणि गाडी जराशी कलली तरी गुरुत्वमध्य पुढंमागं सरकतो.

आता ओढ. डांबरी रस्त्यावर हवेच्या टायरला लोळणविरोध वजनाच्या अडीच टक्के धरू. ऊस 2000 आणि गाडी 400 मिळून 2400 किलो, त्याचे अडीच टक्के 60, प्रत्येक बैलाला 30 किलो म्हणजे 294 न्यूटन. पण गाडी फडातून बाहेर काढताना, ओलसर काळ्या मातीत टायर रुतत असतो. तिथं विरोध दहा टक्के धरला तरी ओढ 240 किलो, प्रत्येकी 120, म्हणजे 1177 न्यूटन. बैल दिवसभर सलग ओढू शकतो ती ओढ त्याच्या वजनाच्या 10 ते 12 टक्के मानतात. 450 किलोच्या बैलाला 45 ते 54 किलो. फडाच्या तोंडाशी तो त्याच्या दुपटीहून जास्त ओढतो. थोडाच वेळ ओढतो, पण रोज ओढतो.

या दोन आकड्यांची बेरीज बाणांची आहे. रस्त्यावर 490 उभा आणि 294 आडवा मिळून 571 न्यूटन, उभ्या रेषेपासून 31 अंश मागं कललेला. फडातून निघताना 490 आणि 1177 मिळून 1275 न्यूटन, कल 67 अंश. म्हणजे जोर सर्वांत जास्त असतो तेव्हा तो मानेच्या वर नसतोच, वशिंडाच्या पुढच्या भिंतीवर असतो. मालकानं ट्यूबची घडी जुवाच्या खालच्या बाजूला, मानेच्या माथ्यावर येईल अशी बांधली होती. मागच्या बाजूला, जिथं जू वशिंडाला भिडतं, तिथं उघडं लाकूड होतं आणि सुतळीच्या दोन गाठी. वापरानं काळी, तेलकट, सुपारीएवढी घट्ट झालेली गाठ; केस गेले होते ते बरोबर तिच्यासमोर. एवढं कळायला फायनाइट एलिमेंटची, म्हणजे जाळीवर चालणाऱ्या संगणकी गणिताची, गरज नव्हती. जू उलटं करून पाहायला हवं होतं.

ट्यूब मऊ आहे, पण कशाच्या मानानं

अंगठ्यानं दाबून पदार्थ मऊ की कठीण हे ठरवणं फसवं असतं. रबराचा कडकपणा शोअर मापात मोजणारा ड्युरोमीटर लावला आणि ट्यूबचं रबर शोअर ए 50 भरलं, तर जेंटच्या 1958 सालच्या सूत्रानं त्याचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे 2.5 मेगापास्कल येतो. शोअर ए 20 ला तोच 0.73. सैल सोडलेल्या स्नायूचा दाबातला गुणांक मात्र काही दहा किलोपास्कलच्या घरात असतो. इथं 40 किलोपास्कल, म्हणजे 0.04 मेगापास्कल धरू. ट्यूब त्याच्या साठपट कडक. दोन स्प्रिंगा एकापुढं एक ठेवून दाबल्या तर मऊ असेल ती दबते; इथं दबतो तो खांदा. ट्यूब खांद्याचा आकार फारसा घेत नाही, तिचा उपयोग लाकडाची धार झाकण्यापुरता.

मग ट्यूबऐवजी खरोखर मऊ सिलिकॉन ओतावं, हा पुढचा विचार सगळ्यांनाच सुचतो. शोअर 00-30 जातीच्या सिलिकॉनला दुप्पट ताणायला सुमारे 69 किलोपास्कल लागतात, म्हणजे ते मांसाच्या जवळपासचं आहे. 300 × 160 मिलिमीटरची, 10 मिलिमीटर जाडीची लादी ओतली, जुवाखाली बसवायच्या वळणदार खोगिराला चिकटवली. आणि ती मऊ राहत नाही.

कारण रबर आणि सिलिकॉन आकार बदलतात, आकारमान बदलत नाहीत. दाबलं की त्यांना बाजूला फुगायला जागा लागते. पातळ, रुंद लादीला कडा कमी आणि पोट मोठं, त्यामुळे मधल्या पदार्थाला पळायला वाट नसते. याचं माप म्हणजे आकार-गुणक: दाबलेलं क्षेत्रफळ भागिले फुगायला मोकळं क्षेत्रफळ. 300 × 160 × 10 च्या लादीला हा गुणक 48000 ÷ 9200, म्हणजे 5.2. दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या लादीचा भासमान गुणांक मूळच्या (1 + 2 × 5.2²) पट, म्हणजे सुमारे 55 पट. जाडी 20 केली तरी साडेचौदा पट. कातडी थोडी सरकते, त्यामुळे ही वरची मर्यादा समजावी. पण दिशा तीच राहते. बाजारात ‘जेल पॅड’ म्हणून मिळणाऱ्या पातळ लाद्या अंगठ्याला लोण्यासारख्या आणि जुवाखाली टायरसारख्या लागतात, त्या यामुळेच.

उपाय लादीतच आहे. साच्यात पट्ट्या घालून तिचे 30 मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे करायचे, मध्ये 6 मिलिमीटरच्या चरी, उंची 20. आता प्रत्येक ठोकळ्याचा गुणक 900 ÷ 2400 म्हणजे 0.375, आणि भासमान वाढ फक्त 1.28 पट. चरींमुळे क्षेत्रफळ 69 टक्के उरतं. दोन्ही गुणले की लादी मूळ पदार्थाच्या 0.9 पट, म्हणजे जवळजवळ तेवढीच मऊ. दुसरा मार्ग फोमचा. फोममधली हवा दबते, त्याला बाजूला फुगावं लागत नाही, म्हणून ही अडचण तिथं येतच नाही.

नमुन्याची चाचणी: इथंच पहिली चूक होते

मॉडेलला पदार्थाचे आकडे हवेत. 29 मिलिमीटर व्यासाची, 12.5 मिलिमीटर उंचीची गोल वडी ओतून ती दाबायची. मोठं यंत्र नसेल तर सपाट काच, वजनं आणि 0.01 मिलिमीटरचा डायल गेज पुरतो. वडीचं क्षेत्रफळ 660 चौरस मिलिमीटर. 2 किलो ठेवले की ताण 0.03 मेगापास्कल, म्हणजे खांद्यावर अपेक्षित असलेल्याच घरातला.

काच कोरडी ठेवली तर वडीची टोकं काचेला धरून बसतात आणि मधला भाग पिंपासारखा फुगतो. या वडीचा आकार-गुणक 29 ÷ 50 म्हणजे 0.58, टोकं पूर्ण धरली गेली तर गुणांक 67 टक्के जास्त दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंना तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि वडीच्या कडा सरळ राहतात का हे बाजूनं फोटो काढून पाहायचं. फुगवटा दिसला तर ती नोंद फेकून द्यायची. सिलिकॉनच्या वडीला सिलिकॉन तेल लावू नये, ते आत मुरतं. साबणाचं पाणी चालतं.

रबर पहिल्या दाबाला ताठ असतं, पुढच्या दाबांना नरमतं. याला मलिन्स परिणाम म्हणतात. गादी हजारो वेळा दबणार आहे, तेव्हा पहिल्या पाच आवर्तनांनंतरची वक्ररेषाच घ्यायची. सरळ रेषेचा गुणांक 10 टक्के दाबापर्यंत निभावतो. पुढं रबरासाठीचं निओ-हुकियन सूत्र, आणि 40 टक्क्यांपलीकडं जायचं असेल तर ऑग्डेनचं 1972 सालचं सूत्र दोन पदांसह. पदं वाढवली की आलेख बिंदूंवर सुंदर बसतो आणि मोजलेल्या टप्प्याबाहेर वेडावाकडा पळतो; दोनवर थांबावं. फोमला ही सूत्रं लावायचीच नाहीत. ती आकारमान न बदलणाऱ्या पदार्थांची आहेत, फोमसाठी हायपरफोम नावाचा वेगळा नमुना असतो. सिलिकॉनची पदं फोमला लावून ‘फोमही कडकच निघाला’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध या एका चुकीवर उभे असतात.

सिलिकॉन ओततानाची एक गोष्ट. अ आणि ब भाग वजनानं समान घ्यायचे. गंधक असलेली शिल्पकामाची माती किंवा लेटेक्सचे हातमोजे त्याला लागले तर तिथं ते कायमचं चिकट राहतं, कितीही दिवस ठेवा. नायट्राइलचे मोजे वापरावेत. हवेचे बुडबुडे काढायला निर्वात पंप नसेल तर उंचावरून बारीक धार धरून साच्याच्या एकाच कोपऱ्यात ओतायचं.

जिवंत बाजू

बैलाच्या खांद्याचा गुणांक पुस्तकातून उचलता येत नाही. संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी, मालकाची संमती आणि पशुवैद्य हजर, एवढं झाल्यावरच हात लावायचा. सुजलेल्या बैलावर ही चाचणी करायची नाही. जोडीतला निरोगी बैल घ्यायचा.

20 मिलिमीटर व्यासाचा सपाट दट्ट्या, मागं बल मोजणारा छोटा लोडसेल. अमर्याद खोलीच्या मऊ पदार्थाला बल = 2 × त्रिज्या × गुणांक × खोली ÷ 0.75. गुणांक 0.04 मेगापास्कल असेल तर 5 मिलिमीटर दाबायला 5.3 न्यूटन, अर्ध्या किलोच्या वजनाएवढे. खाली काही सेंटिमीटरवर कडक थर असेल तर हेझ आणि सहकाऱ्यांची 1972 सालची दुरुस्ती लावावी लागते, नाहीतर गुणांक फुगतो. त्याहून मोठा घोळ बैलाच्या मानेचा असतो. मान खाली घालून चारा खाताना आणि जोर लावताना स्नायूचा कडकपणा कित्येक पटींनी बदलतो. दोन्ही स्थितींचे आकडे घ्यायचे आणि मॉडेल दोन्हींवर चालवायचं. मधला आकडा काढून एकच उत्तर देऊ नये.

रचना लक्षात घेण्यासारखी आहे. माणसाच्या टाचेखाली किंवा माकडहाडाशी हाड कातडीजवळ असतं, म्हणून तिथली जखम आतून, हाडापासून सुरू होऊ शकते. बैलाच्या मानेच्या बुडाशी कण्याचे मणके खोल गेलेले असतात. जुवाखाली कातडी, सैल संयोजी ऊती, स्नायू आणि मानेचा जाड अस्थिबंध येतो. वशिंड हा मुख्यतः स्नायू आणि चरबीचा उंचवटा. इथं खरा धोका घासण्याचा, कातरताणाचा. कातडी जुवाबरोबर मागं जाते, खालचा स्नायू जागेवर राहतो आणि मधला सैल थर फाटत-भरत राहतो. खांदमळणीला हळद-लोणी चोळताना म्हाताऱ्या बैलाच्या खांद्यात जी निबर गाठ हाताला लागते, ती या थराची तंतुमय दुरुस्ती.

मॉडेल

खांद्याचा आकार मोबाइलच्या 60-70 फोटोंवरून उभा करता येतो, पण केसांमुळे पृष्ठभाग खरबरीत येतो. कृत्रिम पाय बनवणारे वापरतात ती प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी ओली करून ठसा घेतला आणि ठशाचे फोटो काढले तर आकार स्वच्छ मिळतो. फोटोत 100 मिलिमीटरची पट्टी हवीच. फोटोतून उभा केलेल्या आकाराला स्वतःचं माप नसतं.

थर तीन: कातडी 6 मिलिमीटर, सैल थर 4, स्नायू 50. पशुवैद्याकडच्या सोनोग्राफीवर हे पडताळता येतात. जाळीसाठी जीमेश आणि सोडवायला फेबायो, दोन्ही फुकट मिळतात. फेबायो जैवयांत्रिकीसाठीच बांधलेला आहे. गादीच्या कडेखाली 2 मिलिमीटरची जाळी, दूर 8 ची, आणि गादीच्या जाडीत निदान चार घटक.

एककांचा सापळा जुनाच. मिलिमीटर-न्यूटन धरलं की ताण मेगापास्कलमध्ये लिहायचा. 40 किलोपास्कल म्हणून 40 लिहिलं की खांदा हजारपट कडक होतो आणि संगणक काही तक्रार करत नाही. उत्तरात खांदा जेमतेम दबलेला दिसला तर आधी हीच ओळ तपासावी.

दुसरा सापळा कोंडीचा. मांस जवळपास न दबणारं म्हणून प्वासाँ गुणोत्तर (दाबल्यावर पदार्थ बाजूला किती फुगतो याचं माप) 0.4999 टाकतात आणि चार बिंदूंचे साधे चतुष्फलक वापरतात. असा घटक आकारमान राखता राखता वाकायचंच विसरतो. ऊती ताठ होतात, दाब बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक दिसतो. पट दिसला की समजावं. आठ बिंदूंचे ठोकळे किंवा दहा बिंदूंचे चतुष्फलक, दाबाचा हिशेब वेगळा ठेवणाऱ्या मिश्र सूत्रासह वापरायचे, आणि गुणोत्तर 0.495 वर ठेवायचं. त्याला आकारमान-गुणांक (आकारमान बदलण्याला विरोध) कातर-गुणांकाच्या (आकार बदलण्याला विरोध) सुमारे 100 पट येतो, 0.4999 ला तोच 5000 पट. मांसासाठी 100 पुरे.

तिसरा स्पर्शाचा. गादी आणि कातडी यांत केसभर फट ठेवून थेट 571 न्यूटन लावले तर गादीला धरून ठेवणारं काहीच नसतं. पहिल्याच पायरीला गणित कोसळतं. आधी गादी विस्थापनानं 1 मिलिमीटर आत न्यायची, स्पर्श झाला की मग बलावर सोडायची. घर्षण-गुणांक 0.3 आणि 0.5 अशा दोन्ही आकड्यांवर चालवायचं, कारण केसांच्या दिशेनं आणि केसांविरुद्ध तो वेगळा असतो, घामानं आणखी बदलतो.

चौथा सापळा उत्तर वाचताना. कडक वस्तूच्या धारेखाली सैद्धांतिक ताण अनंत असतो. जाळी बारीक करत जाल तसा सर्वोच्च ताण वाढतच जातो, थांबत नाही. म्हणून एका बिंदूचा उच्चांक सांगायचाच नाही. 1 चौरस सेंटिमीटरवरची सरासरी सांगायची, आणि जाळी निम्मी केल्यावर ती पाच टक्क्यांहून कमी बदलली तरच आकडा वहीत लिहायचा.

या मॉडेलनं सांगितलेलं तात्पर्य कोरडं होतं. माथ्यावरच्या गादीचा पदार्थ बदलून ताण हलतो, पण खोगिराची रुंदी आणि कडेची गोलाई बदलली की तो फार जास्त हलतो. कडक कड संपते तिथं कातरताण एकवटतो. कडेला 15-20 मिलिमीटरची बाहेर वळलेली गोलाई दिली आणि फोम कडेच्या 10 मिलिमीटर पुढं आणला की तो डाग पसरतो. असं मॉडेल तुलनेसाठी विश्वासाचं. हा बैल किती दिवसांत सुजेल हे त्याला विचारू नये.

काय बदललं

पहिला बदल फुकटचा होता: मोळ्या रचताना रास 10 सेंटिमीटर मागं. गुरुत्वमध्य आखाच्या 5 सेंटिमीटर पुढं आला, जुवावरचा भार 100 वरून 33 किलोवर उतरला. प्रत्येक बैलाला 162 न्यूटन.

इथं हाव करू नये. गुरुत्वमध्य आखाच्या 80 सेंटिमीटर वर असेल तर 5 टक्के चढाला तो 4 सेंटिमीटर मागं जातो. सपाटीवर 5 असलेले 1 उरतात. 7 टक्के चढ लागला की गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि जुपणी बैलाच्या गळ्याला आवळते. सपाट रस्त्यावर सूज परवडली, घाटात हे नको. धारूरसारखा घाट वाटेत असेल तर सपाटीवर 8-10 सेंटिमीटर ठेवूनच भरावं. उताराला उलटं होतं, भार पुन्हा खांद्यावर येतो. गाडीला ब्रेक नसेल तर त्यात ढकलही मिळते.

दुसरा बदल क्षेत्रफळाचा. गोल जुवाचा आधीचा खरा स्पर्श 60 × 120 मिलिमीटर, म्हणजे 72 चौरस सेंटिमीटर. रस्त्यावरचे 571 न्यूटन त्यावर पसरले की 79 किलोपास्कल. 300 × 160 चं वळणदार खोगीर लावून कामाचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर धरलं आणि रास मागं घेतली, तर बल 336 न्यूटन आणि दाब 17 किलोपास्कल. जवळपास पाचवा हिस्सा, आणि अजून मऊपणाचा हिशेब सुरूही केलेला नाही. माणसाच्या केशवाहिनीतला रक्तदाब म्हणून लँडिसनं 1930 मध्ये मोजलेला 32 मिलिमीटर पारा म्हणजे 4.3 किलोपास्कल, 17 त्याहून वरच आहेत. पण तो आकडा सतत दाबून ठेवलेल्या जागेचा समजतात. चालत्या बैलाचा दाब पावलागणिक चढतो-उतरतो, म्हणून गाडी उभी असताना जू खांद्यावरून उतरवणं हे गादीएवढंच महत्त्वाचं. 1965 च्या केंद्रीय नियमांनी ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायला मनाई केली आहे, त्याला वैद्यकीय अर्थ आहे.

उभा भार कमी झाल्यावर जोराची दिशा आणखी मागं गेली, रस्त्यावरही 61 अंश. म्हणून खोगिराची मागची भिंत वशिंडाच्या पुढच्या उताराला मिळती हवी आणि जाड गादी तिथंच हवी. माथ्यावर 10 मिलिमीटर फोम, मागच्या भिंतीला 20. खोगीर जुवाला दोन बोल्टांनी, बोल्टांची डोकी लाकडात बुडवलेली.

गादीला सिलिकॉनच्या ठोकळ्यांऐवजी क्लोज्ड-सेल, म्हणजे हवेचे कप्पे बंद असलेला, फोम निवडला गेला. 300 × 160 × 20 ची सिलिकॉन लादी 1 किलोहून जड होते, महाग पडते आणि चरींत माती-घाम साचतो. तेवढाच, घनमीटरला 100 किलो घनतेचा फोम 100 ग्रॅमही भरत नाही. निवडताना घनता पाहून फसू नये, 25 टक्के दबायला किती ताण लागतो ते पाहावं. इथं 25 ते 30 किलोपास्कलचा हवा. त्याहून मऊ घेतला तर फडाच्या तोंडाशी येणाऱ्या 59 किलोपास्कलला तो तळाशी बसतो, आणि बसलेला फोम म्हणजे पुन्हा लाकूड. गादी 40 मिलिमीटर करण्याचा मोहही टाळावा. जू डुलायला लागतं, आणि डुलणं म्हणजे घासणं.

फोमवर गुळगुळीत, घट्ट विणीचं कापड, शिवण स्पर्शाच्या बाजूला अजिबात नाही. रोज संध्याकाळी पुसायचं, कारण काळ्या मातीची धूळ आणि घाम मिळून पॉलिशपेपर तयार होतो. आठवड्याला तीन ठिकाणी जाडी मोजायची. 20 ची 16 झाली की फोम बदलायचा. जू उन्हात टाकू नये, तापलेला फोम दबलेल्या आकारातच बसतो. आणि फुटलेल्या खांद्यावर कुठलीच गादी नाही. बैल सोडायचा, पशुवैद्याला दाखवायचा, कातडी भरेपर्यंत थांबायचं.

डावाच का

ओढ मोजायला दांडीच्या सांध्यात 500 किलोचा एस-आकाराचा लोडसेल आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणारी एचएक्स-711 ची पट्टी बसवतात. ती सेकंदाला 10 किंवा 80 नोंदी देते. गाडी हलतानाचा झटका पकडायचा तर 80 वर ठेवावी. तो सेल दोन्ही बैलांची मिळून ओढ सांगतो. मॉडेलमध्ये ती सरळ दोनानं भागली होती, आणि गणित वाचवायला खांदाही मधोमध कापून अर्धाच घेतला होता. या दोन सोयींमुळे डाव्या-उजव्यातला फरक मॉडेलमध्ये दिसणं शक्यच नव्हतं.

तो टेपनं सापडला. दोन खांद्यांच्या मध्यांतलं अंतर 120 सेंटिमीटर. दांडी जुवाला दोरानं बांधलेली, आणि तो दोर झिजलेल्या खाचेतून डाव्या अंगाला 6 सेंटिमीटर सरकलेला. जू हाही तराजूच: डाव्याच्या वाट्याला 66 ÷ 120 म्हणजे 55 टक्के, उजव्याला 45. उजव्यापेक्षा डावा 22 टक्के जास्त सोसत होता, उभ्या भारातही आणि ओढीतही. जुवाच्या मध्यावर नवी खाच पाडली, तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टीचे अडसर ठोकले, आणि दर सोमवारी दोन्ही शिवळांपासून दोरापर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं ठरलं.